आमदारांना सहावं पत्र लिहिण्याआधी

वाचकाचं पत्र

आमच्या गावात प्राथमिक आरोग्य केंद्राची इमारत बांधून दोन वर्षं झाली. फरशी, रंग, पाण्याची टाकी सगळं तयार आहे, पण दाराला कुलूप. बाळंतिणीला अजूनही २२ किलोमीटरवरच्या ग्रामीण रुग्णालयात न्यावं लागतं. आमदारसाहेबांना आजवर पाच निवेदनं दिली, शेवटच्या निवेदनावर ४०० सह्या होत्या. दर वेळी 'पाठपुरावा सुरू आहे' एवढंच उत्तर मिळतं. आता अर्थसंकल्पी अधिवेशन येईल. पुन्हा पत्र लिहून काही होईल का? आणि दुसरं असं, की अधिवेशनात विधेयकं येतात आणि दोन-तीन दिवसांत मंजूरही होतात. आपल्या वाचनात येतं तोवर सगळं उरकलेलं असतं. सामान्य माणसानं त्यावर बोलायचं कधी आणि कुणाशी?
– एक वाचक, नाशिक जिल्हा

उत्तर

सप्रेम नमस्कार.

पत्र जरूर लिहा, पण आधीच्या पाचांहून वेगळं लिहा. त्या पाचही निवेदनांत मागणी एकच असणार: 'आरोग्य केंद्र तातडीने सुरू करावे.' मागणी शंभर टक्के रास्त आहे. अडचण अशी, की आमदार स्वतः केंद्र सुरू करू शकत नाहीत. ते तुमच्या निवेदनाला आपलं पत्र जोडतात आणि 'योग्य त्या कार्यवाहीसाठी' असा शेरा मारून मंत्रालयात किंवा जिल्हा परिषदेत पाठवतात. तिथून कागद जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांच्या टेबलावर येतो. 'प्रस्ताव शासनास सादर केला आहे' असं उत्तर निघतं, ते आमदारांच्या पीएंपर्यंत पोहोचतं आणि तुम्हाला कळतं की पाठपुरावा सुरू आहे. कुणी खोटं बोललेलं नसतं, पण फाइल जिथं अडली होती तिथंच असते.

आमदारांची खरी ताकद सभागृहात आहे. प्रश्न, लक्षवेधी सूचना, कपात सूचना, विधेयकावरची दुरुस्ती ही कामं त्यांच्याखेरीज कुणी करू शकत नाही. म्हणून त्यांच्याकडे सभागृहातलं एकच नेमकं काम मागायचं, त्याचा मसुदा हातात द्यायचा आणि तो वेळेत द्यायचा.

आधी तुमच्या कुलपाचं बघू. इमारतीचा पैसा आणि माणसांच्या पगाराचा पैसा सरकारी हिशेबात वेगवेगळ्या वाटांनी येतो. बांधकाम जिल्हा वार्षिक योजनेतून किंवा बांधकामाच्या एखाद्या लेखाशीर्षातून (सरकारी हिशेबातल्या खात्यातून) होऊन जातं. डॉक्टर, परिचारिका, औषधनिर्माता यांची पदं मात्र सार्वजनिक आरोग्य विभागानं शासन निर्णय काढून निर्माण करावी लागतात. त्याला वित्त विभागाची सहमती लागते, आणि मग पगाराची तरतूद '२२१०, वैद्यकीय व सार्वजनिक आरोग्य' या मुख्य लेखाशीर्षात होते. इमारत उभी राहिली म्हणून पदं आपोआप मंजूर होत नाहीत. बांधून तयार असलेली केंद्रं बंद राहतात ती बहुतेक वेळा याच सांध्यावर. म्हणून 'केंद्र सुरू करा' याऐवजी 'पदनिर्मितीचा शासन निर्णय काढा आणि पगाराची तरतूद करा' अशी मागणी हवी. 'आमदार निधीतून डॉक्टर नेमा' असंही काही जण सुचवतील. तसं होत नाही. आमदारांचा वर्षाचा ५ कोटींचा स्थानिक विकास निधी टिकाऊ कामांसाठी असतो, पगारासाठी नाही.

फाइल नेमकी कुठं आहे हे आधी शोधा. जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागात माहिती अधिकाराचा अर्ज टाका. १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावा, विषय एकच ठेवा आणि मजकूर १५० शब्दांच्या आत बसवा. महाराष्ट्राच्या नियमांत ही मर्यादा आहे, आणि लांबलचक अर्ज याच कारणानं परत येतात. तीनच गोष्टी विचारा: या केंद्राच्या पदनिर्मितीचा प्रस्ताव शासनाला कोणत्या तारखेला आणि कोणत्या जावक क्रमांकानं गेला, त्यावर शासनाकडून आलेल्या पत्रांच्या प्रती, आणि त्रुटी काढल्या असतील तर त्यांची पूर्तता कधी केली. उत्तराला ३० दिवस लागतात, तेव्हा अधिवेशनाची वाट न बघता आजच अर्ज द्या. कधी कधी उत्तरातून असंही निघतं की प्रस्ताव गेलेलाच नाही, किंवा मंत्रालयानं काढलेली त्रुटी आठ महिने जिल्ह्यातच पडून आहे. तसं निघालं तर तुमचं भांडण मुंबईशी नाही, जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांशी आहे आणि ते कितीतरी लवकर सुटू शकतं. केंद्राला लागणारी लोकसंख्याही तपासून ठेवा. निकष सपाट भागात ३० हजार आणि आदिवासी व डोंगराळ भागात २० हजार असा आहे.

जावक क्रमांक हाती आला की तारांकित प्रश्नाचा, म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायच्या प्रश्नाचा, मसुदा करा. विधिमंडळाच्या प्रश्नाची भाषा ठरलेली असते. त्याच साच्यात लिहून दिलंत तर आमदारांच्या कार्यालयाला फक्त तो दाखल करायचा उरतो. तुमच्यासाठी तो असा होईल:

'(१) नाशिक जिल्ह्यातील ... तालुक्यातील मौजे ... येथील प्राथमिक आरोग्य केंद्राच्या इमारतीचे बांधकाम दिनांक ... रोजी पूर्ण होऊनही सदर केंद्र अद्याप सुरू झालेले नाही, हे खरे आहे काय?
(२) असल्यास, सदर केंद्रासाठी पदनिर्मितीचा प्रस्ताव जिल्हा परिषदेने जावक क्रमांक ..., दिनांक ... अन्वये शासनास सादर केला आहे, हेही खरे आहे काय?
(३) असल्यास, सदर प्रस्ताव सध्या कोणत्या स्तरावर आहे व पदांना मान्यता देऊन केंद्र किती कालावधीत सुरू करण्यात येईल?
(४) अद्याप कार्यवाही केली नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?'

दुसऱ्या भागातला जावक क्रमांक इथं सगळ्यात मोलाचा आहे. तो नसेल तर 'प्रस्ताव तपासून पुढील कार्यवाही करण्यात येईल' असं गुळमुळीत उत्तर देता येतं. तो असेल तर विभागाला फाइल शोधून, उघडून, ती कुठं थांबली हे लिहावंच लागतं. विधिमंडळाच्या प्रश्नाला उत्तर द्यायचं असलं की मंत्रालयापासून जिल्ह्यापर्यंत सगळ्यांना ठरल्या तारखेच्या आत माहिती पाठवावी लागते, आणि नुसत्या निवेदनानं न हललेला कागद तेव्हा हलतो. प्रश्न सभागृहात तोंडी उत्तराला आला नाही तरी लेखी उत्तर मिळण्याची वाट असते, म्हणून तो दाखल होणंही वाया जात नाही.

आता वेळ. अधिवेशनाच्या पहिल्या दिवशी प्रश्न घेऊन जाणारा माणूस उशिरा पोहोचलेला असतो. तारांकित प्रश्नांच्या सूचना अधिवेशन सुरू होण्याच्या साधारण महिनाभर आधीच घेतल्या जातात, आणि नेमक्या तारखा विधानमंडळ सचिवालय सदस्यांना कळवतं. अर्थसंकल्पी अधिवेशन फेब्रुवारीअखेर किंवा मार्चच्या सुरुवातीला मुंबईत भरतं, पावसाळी जून-जुलैत मुंबईत आणि हिवाळी डिसेंबरात नागपूरला. मार्चसाठीचा मसुदा जानेवारीच्या मध्याला पीएंच्या हातात हवा. ती तारीख हुकली तर लक्षवेधी सूचना, म्हणजे तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचं लक्ष वेधणारी सूचना, मागा. ती अधिवेशन चालू असताना देता येते, फक्त विषय ताजा आणि निकडीचा असावा लागतो. उपचाराअभावी अलीकडेच काही अनर्थ घडला असेल आणि वर्तमानपत्रात त्याची बातमी आली असेल तर कात्रण जोडा. तसं काही घडलेलं नसेल तर ओढूनताणून निकड दाखवू नका. खोटी निकड अधिकाऱ्याच्या एका फोनवर उघडी पडते, आणि मग तुमचा खरा कागदही कुणी वाचत नाही.

अर्थसंकल्पाच्या बाबतीत एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते. अर्थसंकल्पात प्रत्येक विभाग खर्चासाठी जी रक्कम मागतो तिला 'मागणी' म्हणतात, आणि कुठल्याही मागणीची रक्कम वाढवण्याची सूचना आमदार देऊ शकत नाहीत. अनुदानाची मागणी राज्यपालांच्या शिफारशीवाचून मांडताच येत नाही. सभागृह ती मंजूर करू शकतं, नाकारू शकतं किंवा कमी करू शकतं. म्हणून आपल्या भागाला पैसा हवा असला तरी आमदार देतात ती 'कपात सूचना'. सार्वजनिक आरोग्य विभागाची मागणी 'आर-१' १०० रुपयांनी कमी करावी असं तिच्यात म्हणायचं आणि खाली कारण लिहायचं: अमुक केंद्राची पदं मंजूर न झाल्याबद्दल चर्चा करण्यासाठी. १०० रुपये नावापुरते असतात. त्या निमित्तानं त्या विभागाच्या चर्चेत तुमच्या गावाचं नाव नोंदीवर येतं. 'आमच्याच आमदारांनी आरोग्याचा पैसा कापायला सांगितला' अशी ओरड गावात होऊ नये, यासाठी हे आधीच समजावून सांगा.

त्यातही घाई असते. २०२५ सालचं अर्थसंकल्पी अधिवेशन ३ मार्चला सुरू झालं, १० मार्चला ७ लाख कोटींहून थोडा मोठा अर्थसंकल्प मांडला गेला आणि २६ मार्चला अधिवेशन संपलंही. सर्वसाधारण चर्चा, विभागवार मागण्या, मंजूर रकमा खर्चायला परवानगी देणारं विनियोजन विधेयक हे सगळं त्यातच. ज्या विभागांच्या चर्चेला वेळ उरत नाही, त्यांच्या मागण्या चर्चेविना मतास टाकल्या जातात. म्हणून मागण्यांचा कार्यक्रम जाहीर होताच आरोग्य विभागाचा दिवस कोणता ते पाहा आणि त्याच्या आधी आमदारांना आठवण करा.

मार्चमध्ये रक्कम छापून आलेली असते, तेव्हा नवी तरतूद अर्थसंकल्पातच हवी असेल तर फार आधी हलावं लागतं. विभाग आपले अंदाज शरद ऋतूतच तयार करतात. नोव्हेंबरअखेरच्या खर्चावर आधारलेला 'आठमाही' अंदाज हा त्यातला महत्त्वाचा टप्पा. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत ठराव करून तो त्याच आठवड्यात वर पाठवला तर तो या अंदाजांच्या वेळी टेबलावर असतो. २६ जानेवारीचा ठराव कपात सूचनेला जोडायला उपयोगी पडेल, पण पुस्तकात आकडा घालायला त्याला उशीर झालेला असतो. मार्च चुकला म्हणून वर्ष गेलं असंही समजू नका. पुरवणी मागण्या, म्हणजे वर्ष सुरू असताना मागितलेल्या जादा रकमा, पावसाळी आणि हिवाळी अधिवेशनातही येतात, आणि नव्या पदांचा पगार त्यातून मिळू शकतो. मंजूर तरतूद किती आणि वितरित किती झाली, हे शासनाच्या 'बीम्स' या संगणक प्रणालीवर लेखाशीर्षनिहाय दिसतं. बोलण्याआधी तो आकडा बघून घ्या.

तुमचे आमदार मंत्री असतील तर हे सारं त्यांच्याकडून होणार नाही. मंत्री सभागृहात प्रश्न विचारत नाहीत, उत्तरं देतात. अशा वेळी त्यांना थेट संबंधित मंत्र्यांशी बैठक लावायला सांगा आणि प्रश्न दुसऱ्या सदस्यांकडून विचारून घ्या. विधान परिषदेच्या ७८ सदस्यांत ७ पदवीधर आणि ७ शिक्षक मतदारसंघांतून आलेले असतात. तुमच्या घरात पदवीधर मतदार असेल तर नाशिक विभागाचे पदवीधर आमदारही तुमचेच. परिषदेत प्रश्न आणि लक्षवेधी चालतात, पण मागण्यांवर मतदान फक्त विधानसभेत होतं. कपात सूचना घेऊन परिषदेच्या आमदारांकडे गेलात तर खेप वाया जाईल.

४०० सह्यांबद्दल. सह्यांचा गठ्ठा कुणी मोजत बसत नाही. वर एक पानाचं पत्र हवं, त्याखाली प्रश्नाचा मसुदा, मग माहिती अधिकाराचं उत्तर, मग ठराव आणि शेवटी सह्या. प्रत्येक सहीसमोर पूर्ण नाव आणि गाव. केंद्राच्या हद्दीत येणाऱ्या पाच-सात गावांचे ग्रामसभेचे ठराव असतील, तर ते एकाच गावच्या हजार सह्यांना भारी पडतात. पत्राच्या पहिल्या दोन ओळींत मागणी यायला हवी: 'येत्या अर्थसंकल्पी अधिवेशनात सोबतच्या मसुद्याप्रमाणे तारांकित प्रश्न दाखल करावा, ही विनंती.' गावाचा इतिहास आणि तुमचा संताप दुसऱ्या परिच्छेदात. आणखी एक चूक टाळा: पत्राच्या तळाशी मुख्यमंत्र्यांपासून तहसीलदारांपर्यंत पंधरा जणांना 'प्रत माहितीस्तव' पाठवू नका. पंधरांपैकी प्रत्येकाला वाटतं की काम दुसरा कुणीतरी बघतोय.

अधिवेशन सुरू असताना आमदार मतदारसंघात शनिवार-रविवारीच भेटले तर भेटतात. आधीच जनसंपर्क कार्यालयात जा, तिघांहून जास्त जण जाऊ नका, आणि आमदारांइतकाच वेळ पीएंना द्या, कारण मसुदा दाखल करायचं काम तेच करतात. दुसऱ्या प्रतीवर तारीख, सही आणि शिक्का घेऊन पोच ठेवा. आठवड्यानं फोन करून 'प्रश्न दाखल झाला का, त्याचा क्रमांक काय' एवढंच विचारा. क्रमांक मिळाला म्हणजे काम झालं. 'साहेबांच्या कानावर घातलंय' असं उत्तर आलं तर ते झालेलं नाही असं समजा आणि पुन्हा जा.

उत्तर आलं की शब्द नीट वाचा. 'हे खरे आहे', 'हे अंशतः खरे आहे', 'हे खरे नाही' यांतलं काय म्हटलंय ते महत्त्वाचं. 'अंशतः' असेल तर कोणता अंश नाकारला ते शोधा, बहुधा अडचण तिथंच असते. मंत्र्यांनी सभागृहात 'तीन महिन्यांत पदे मंजूर करू' असं काही म्हटलं तर ते आश्वासन ठरतं आणि विधिमंडळाची आश्वासन समिती त्याचा मागोवा घेते. कामकाजाच्या नोंदीतलं ते वाक्य तारखेसह काढून ठेवा. पुढच्या प्रश्नाचा पहिला भाग तोच असेल.

आता विधेयकं. ती दोन-तीन दिवसांत मंजूर होतात ही तुमची तक्रार खरी आहे, आणि तिचा त्रास व्हायलाच हवा. तरीही आधी कळण्याच्या काही वाटा आहेत. सगळ्यात हुकमी वाट म्हणजे अध्यादेश. अधिवेशन नसताना निघालेला अध्यादेश पुढचं अधिवेशन सुरू झाल्यापासून सहा आठवड्यांत रद्दबातल होतो. तो टिकवायचा असेल तर सरकारला त्याच मजकुराचं विधेयक आणावं लागतं. म्हणजे अध्यादेश राजपत्रात आला त्या दिवसापासून तुमच्या हातात जवळपास तयार विधेयक असतं आणि अभ्यासाला काही आठवडे मिळतात. दुसरी वाट अधिवेशनाच्या तोंडावर मंत्रिमंडळाच्या निर्णयांची: 'अमुक अधिनियमात सुधारणा' असं दिसलं की ते लवकरच येणार. मांडलेलं विधेयक विधानमंडळाच्या संकेतस्थळावर मराठीत मिळतं. वाचताना शेवटाकडून सुरुवात करा. 'उद्देश व कारणे यांचे निवेदन' सरकारला काय हवंय ते सांगतं, वित्तीय ज्ञापन खर्च सांगतं, आणि प्रत्यायुक्त विधिविधानाचं ज्ञापन वाचलं की कोणत्या गोष्टी पुढे नियमांवर सोडल्यात ते कळतं. नियमांचे मसुदे बऱ्याचदा हरकती व सूचनांसाठी राजपत्रात प्रसिद्ध होतात, म्हणजे तिथं बोलायला आणखी एक संधी असते.

आमदारांना 'विरोधात मत द्या' असं लिहून फारसं साधत नाही. पक्षादेश मोडला तर पक्षांतरबंदी कायद्यानं आमदारकी जाऊ शकते, आणि बरीच विधेयकं आवाजी मतदानानं मंजूर होतात, तिथं कुणी काय केलं हे नोंदलंही जात नाही. दुरुस्ती मागा आणि तीही विधेयकाच्या भाषेत: 'खंड ४, पोटखंड (२) मधील "तीस दिवसांच्या आत" या मजकुराऐवजी "साठ दिवसांच्या आत" हा मजकूर दाखल करावा.' खाली दोन ओळींत कारण. सत्ताधारी आमदार अशी दुरुस्ती स्वतः मांडणार नाहीत कदाचित, पण मंत्र्यांच्या कानावर घालू शकतात. विरोधी आमदार ती मांडू शकतात. दोघांनाही द्या. एका सभागृहात संधी हुकली तर विधेयक दुसऱ्या सभागृहात जायचं असतं. मधला एखादा दिवसही पुरतो, मात्र मसुदा तयार असायला हवा.

सगळ्यात मोठी संधी विधेयक दोन्ही सभागृहांच्या आमदारांच्या संयुक्त समितीकडे गेलं की मिळते. बेकायदेशीर ठरवलेल्या संघटनांवर कारवाईसाठीचं महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक जुलै २०२४ मध्ये आलं आणि मंजूर न होता राहिलं. डिसेंबरात नागपूरला ते पुन्हा मांडलं गेलं आणि अशा समितीकडे गेलं. समितीनं लोकांकडून सूचना मागवल्या, त्या १२ हजारांहून जास्त आल्या. जुलै २०२५ मध्ये विधेयक मंजूर झालं तेव्हा बदल मोजकेच होते आणि विरोध करणाऱ्यांना ते अपुरे वाटले. पण कोणते बदल झाले ते पाहा: तपास पोलीस उपनिरीक्षकाऐवजी उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे गेला, संघटना बेकायदेशीर ठरवण्याचा निर्णय तपासणाऱ्या सल्लागार मंडळाची रचना बदलली. म्हणजे विशिष्ट खंडातले विशिष्ट शब्द हलले. विधेयक सरसकट नको असेल तर तसं जरूर लिहा, तो तुमचा हक्क आहे, पण त्याच पत्रात 'आणि ते आणायचंच असेल तर खंड अमुकमध्ये हा बदल करा' हेही लिहा.

दोन्ही सभागृहांत मंजूर झालेलं विधेयकही राज्यपालांच्या, आणि काही वेळा राष्ट्रपतींच्या, संमतीनंतरच कायदा होतं. महिला व बालकांवरील अत्याचारांना कठोर शिक्षा देणारं शक्ती विधेयक डिसेंबर २०२१ मध्ये दोन्ही सभागृहांत मंजूर झालं, पण राष्ट्रपतींच्या संमतीअभावी अमलात आलं नाही. त्या टप्प्यावरही राज्यपालांना लिहिता येतं.

समितीसाठीची सूचना विधानमंडळ सचिवालय, विधान भवन, मुंबई ४०००३२ या पत्त्यावर स्पीड पोस्टनं पाठवा आणि जाहीर सूचनेत ईमेल दिलेला असेल तर त्यावरही. मुदतीच्या शेवटच्या दिवशी टपालात टाकू नका, निदान आठवडाभर आधी पाठवा. विधेयकाचं पूर्ण नाव, साल आणि क्रमांक पाकिटावरही लिहा.